मी मुंबई दाखवतो

मुंबईत जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट सहसा जमत नाही, ती म्हणजे मुंबई पाहणं. बाहेरगावची माणसं येतात, तीन दिवसांत सगळी मुंबई पायाखाली घालतात, भेळ खातात, पोट बिघडवून घेतात आणि परत जातात. मुंबईकर मात्र 'आपल्याच गावात आहे, जाऊ कधीतरी' असं म्हणत म्हणत साठीला पोचतो.

मी मूळचा गिरगावकर. जागा अपुरी पडू लागल्यावर गिरगावातली निम्मी माणसं जिकडे गेली तिकडे, म्हणजे डोंबिवलीला, मीही गेलो. फोर्टातल्या एका कचेरीत ३३ वर्षं खर्डेघाशी केली. इतकं होऊनही मी घारापुरीची लेणी पाहिलेली नव्हती. अर्थात ही गोष्ट मी कधी चारचौघांत कबूल केली नाही. उलट कुणी विचारलंच तर, "घारापुरी होय? गेटवेवरून लाँचनं तासाभरात पोचतो!" असं मी अशा काही सुरात सांगत असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज रात्री जेवण झालं की शतपावलीला घारापुरीला जात असणार.

माझं हे बिंग परवा फुटलं. फोडलं वाईच्या मामांनी.

मामांचं वय ७८. एका शाळेत जन्मभर इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"बाळ, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं बरं का. झकास दिसतंय. पण डॉक्टर म्हणतात, आत काचबिंदू आहे. मोती काढला तर खाली काच निघाली बघ!"

मामा स्वतःच खो खो हसले. मला हसावं की काय करावं ते कळेना.

"घाबरू नकोस," तेच पुढे म्हणाले. "औषध घालतोय. हे कडेकडेनं दिसेनासं होत जातं म्हणे. मधलं बराच काळ राहतं. तेव्हा म्हटलं, कडा शाबूत आहेत तोवर एकदा मुंबई पाहून घ्यावी. मुंबईला काय, सगळ्या कडाच. तीन बाजूंना समुद्र!"

"पण मामा, तुम्ही तर शाळेच्या सहली घेऊन कितीदा आलात मुंबईला!"

"११ वेळा आलो. पण मुंबई कुठली बघतोय? मुलं मोजली. म्हातारीच्या बुटात ४२ शिरली, बाहेर आली ४१. मत्स्यालयात एक जण माशासारखा काचेला नाक लावून बसला, तो उठेचना. राणीच्या बागेत तर मी नुसती डोकी पाहिली. हत्तीसुद्धा धड दिसला नाही. आता मोजायला कुणी नाही. निवांत बघीन म्हणतो. तू दाखवशील ना?"

"म्हणजे काय! या तुम्ही. अख्खी मुंबई दाखवतो," मी छाती पुढे काढून म्हणालो. फोन ठेवला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुम्ही स्वतः पाहिलीय का पण?" त्यांनी विचारलं.

काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो.

मामा शुक्रवारी संध्याकाळी येऊन थडकले. पाठीवर एक पिशवी, हातात वही आणि खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. सोमवारी रात्रीच्या एसटीचं परतीचं आरक्षण करूनच आले होते. मंगळवारी सकाळी साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. वहीत ठिकाणांची यादी. प्रत्येक ठिकाणापुढे सन. माझ्या पोटात पहिला गोळा तिथेच आला.

शनिवारी सकाळी लोकलनं आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. हे नाव पडलं १९९६ साली, त्यात 'महाराज' आलं २०१७ साली; पण आमच्या पिढीची जीभ अजून व्हीटीवरच घसरते. मी सवयीप्रमाणे भुयारी मार्गाकडे वळलो. मामांनी मला दंड धरून मागे ओढलं, इमारतीच्या पुढच्या अंगाला नेलं आणि रस्त्यापलीकडे उभं केलं.

"सिंह आणि वाघ कुठायत?" त्यांनी विचारलं.

"ते राणीच्या बागेत, मामा. भायखळ्याला."

"अरे, इथले! फाटकाच्या खांबांवरचे. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. ते बघ!"

बघतो तर काय, खरोखरच दोन खांबांवर दोघे बसलेले. १८७८ साली बांधायला घेतलेली ही इमारत पुरी व्हायला १० वर्षं लागली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पकारानं ती बांधली आणि तिच्यावरच्या नक्षीकामात जे. जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे हात होते. सगळी माहिती मामा मला देत होते. २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा ठरवलं, हेही मला वाईच्या माणसाकडून कळलं. भिंतीवर पानं, फुलं, पक्षी, माकडं. एवढी माकडं तिथे असताना मी ३३ वर्षं इंडिकेटरकडे बघत धावलो! या इमारतीच्या पोटात मी रोज दोनदा जात होतो. तिचं तोंड तेवढं कधी पाहिलं नव्हतं.

"१६ एप्रिल १८५३ ला इथूनच, बोरीबंदराहून, ठाण्याला पहिली गाडी सुटली," मामा म्हणाले. "पण बोरीबंदरचं बंदर कुठाय रे?"

"असेल इथेच मागे," मी म्हणालो.

बंदर मागेही नव्हतं आणि पुढेही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की आमच्या मुंबईत नाव एकीकडे आणि वस्तू भलतीकडे असा प्रकार फार. चर्चगेटला गेट नाही. जुन्या कोटाला तीन दरवाजे होते, त्यातला एक सेंट थॉमसच्या चर्चकडे उघडायचा म्हणून ते नाव पडलं. कोट १८६० नंतर पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं राहिलं. धोबीतलावाला धोबी सापडेल, पण तलाव नाही. पाहुण्यानं 'तलाव दाखवा' म्हटलं तर मुंबईकरानं काय दाखवायचं?

दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेनं चाललो होतो. इतक्यात राजाबाई टॉवरचे टोले पडले आणि मामा वाटेतच उभे राहिले. डोळे मिटले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी घाईघाईनं पाण्याची बाटली काढली.

"थांब रे, ऐकू दे," ते म्हणाले. "हा मनोरा ज्याच्या पैशानं उभा राहिला ना, तो प्रेमचंद रायचंद. कापसाचा बादशहा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ साली ती यादवी संपली आणि पाऊसही संपला. पण मनोरा उभा राहिला १८७८ मध्ये. उंची २८० फूट. त्याच्या आईचं नाव राजाबाई. ती आंधळी होती असं सांगतात. जैन बाई, सूर्यास्ताच्या आत जेवायचं. तर वेळ कळायला म्हणून हे घड्याळ. कुणाला न विचारता, टोले ऐकून जेवायला बसायची म्हणे."

मी काहीच बोललो नाही.

"म्हणजे डोळे गेले, तरी मुंबईत ऐकण्यासारखं काहीतरी आहे म्हणायचं," मामा म्हणाले आणि खिशातली बाटली काढून, तिथेच कठड्याला टेकून, त्यांनी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. "औषधाची वेळही झालीच होती."

रविवार वस्तुसंग्रहालयाला दिला होता. याला पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथे मात्र मी मामांवर कुरघोडी करायचं ठरवलं होतं. लहानपणी मी इथे आलो होतो. माझी आठवण पक्की होती: वाघ पेंढा भरलेला, पोटात भूक, वडील घड्याळाकडे बघत असलेले.

"हा घुमट पाहिलात, मामा? मोठा आहे की नाही?" मी आपला मार्गदर्शकाच्या थाटात म्हणालो.

"विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय तो," मामा म्हणाले. "जॉर्ज विटेट. गेटवे बांधणाराही तोच. १९०५ मध्ये पायाभरणी झाली. पण पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १९२२ साली."

कुरघोडी तिथेच संपली. पुढचे चार तास मी पंख्याखालची खुर्ची शोधत होतो आणि मामा लघुचित्रं बघत होते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर अख्खा दरबार, दरबारात हत्ती, हत्तीच्या पायातला वाळा आणि वाळ्यावरची नक्षी! मामा एकेका चित्रापुढे दहा दहा मिनिटं उभे. आधी मधलं बघायचे, मग मान हळूहळू डावीकडे वळवायचे, मग उजवीकडे. मला आधी गंमत वाटली. मग जिना उतरताना कडेला उभ्या असलेल्या एका मुलाला त्यांचा धक्का लागला. तो मुलगा त्यांना दिसलाच नव्हता. तेव्हा कळलं, की मान वळवणं हा काही रसिकतेचा भाग नव्हता. त्यानंतर मी खुर्ची शोधायचं सोडून दिलं आणि त्यांच्या डाव्या हाताला चालू लागलो. उजवीकडून भिंत होती.

बाहेर आल्यावर मामांनी वही काढली. "काळा घोडा?"

"हा काय समोर!" इथे मी निश्चिंत होतो. काळा घोडा नावाचा भाग, तिथे काळा घोडा. मुंबईत एक तरी गोष्ट नावाबरहुकूम होती.

मामा घोड्याभोवती फिरून आले. "याच्यावरचा राजा कुठाय?"

"राजा?"

"सातवा एडवर्ड. युवराज असताना मुंबईला आला होता, त्याचा पुतळा."

"उतरला असेल. पार्किंगला जागा शोधत असेल," मी विनोद करून पाहिला. पण मामा इतिहासाचे शिक्षक. सनावळीच्या तासाला हसू द्यायचे नाहीत. त्यांनी सांगितलं, की मूळचा घोडा राजासकट १९६५ मध्ये इथून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. हा बिनराजाचा घोडा इथे आला २०१७ साली. मी म्हणालो, शक्य नाही. मी इथून रोज जात होतो, मला माहीत नाही का? वाद वाढला. शेवटी उडपी हॉटेलात मसाला डोसा खाऊन तह झाला.

मग उगवला सोमवार. सगळ्यात मोठा दिवस. सकाळी गेटवे, मग घारापुरी, रात्री एसटी. मामांनी रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. वहीतल्या यादीत 'घारापुरी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मामी असताना दोघांचं यायचं ठरलं होतं, ते राहून गेलं, एवढं ते मला रात्री बोलले होते.

गेटवेसमोर उभं राहून मी गेल्या दोन दिवसांची उणीव भरून काढायला सुरुवात केली. "मामा, याच कमानीखालून १९११ साली पंचम जॉर्ज राजा उतरला!"

"पुठ्ठ्याखालून," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"१९११ साली ही कमान होती कुठे? राजाला नुसता पुठ्ठ्याचा नमुना बघायला मिळाला. पायाचा दगड बसला १९१३ मध्ये, कमान पुरी झाली १९२४ मध्ये. तो शेजारचा ताज हिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली. स्वागतासाठी बांधलेली कमान, २४ वर्षांत निरोपाला उपयोगी पडली."

मी मुकाट्यानं लाँचच्या तिकिटांकडे वळलो. तिथे नेहमीसारखी गर्दी दिसेना. एका माणसाला विचारलं, "घारापुरीची दोन द्या."

"आज सोमवार आहे," तो म्हणाला.

"मग?"

"सोमवारी लेणी बंद असतात." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं अगदी सहानुभूतीनं विचारलं, "मुंबईत नवीन का?"

वाचकहो, ३३ वर्षांच्या नोकरीत साहेबांची बोलणी खाल्ली, लोकलच्या दारात लोंबकळलो, पावसात कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलो. पण त्या दोन शब्दांइतकं मला कधी काही लागलं नव्हतं. आणि लागायचं खरं कारण वेगळंच होतं. शनिवारी घारापुरी करता आली असती. रविवारी करता आली असती. मी एक फोन करून चौकशी केली असती तर! पण आपल्याच गावातल्या गोष्टीची चौकशी काय करायची?

मामा कठड्याशी उभे राहून पाण्याकडे बघत होते. मी जवळ जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"शंकराची लेणी आणि शंकराच्याच वारी बंद!" मामा म्हणाले. "बाकी सगळ्या देवांना एकेक वार आहे, तो कामाचा. याला मात्र सुट्टीचा!" मग थोडा वेळ होड्यांकडे बघत राहिले. ओठ हलत होते. जुनी सवय, मोजत असावेत. २०-२२ झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "चल, भायखळ्याला."

"भायखळ्याला काय आहे?"

"आपण बेटावर जाऊ शकत नाही ना? मग बेटावरून जो इकडे आलाय, त्याला भेटू."

टॅक्सीत त्यांनी उलगडा केला. पोर्तुगीज घारापुरीला उतरले, तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना दगडाचा एक मोठा हत्ती दिसला. म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. पुढे १८६४ साली साहेबाच्या मनात आलं, की हा हत्ती विलायतेला न्यावा. उचलायला यारी आणली, यारी मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. मोडका हत्ती विलायतेत कुणाला हवा? म्हणून तो इथेच राहिला. पुढे तुकडे सांधून त्याला उभा केला, तो डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात.

हे संग्रहालय मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ सालचं. डॉक्टर भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी खटपट करून उभारलेलं; पण १९७५ पर्यंत नाव मात्र व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं. हे बुधवारी बंद असतं, हे मी फाटकातच विचारून घेतलं. मला आता वार विचारायची सवय लागत चालली होती.

हत्ती हिरवळीवर शांत उभा होता. मामांनी त्याला चहूबाजूंनी पाहिलं. आधी मधून, मग मान वळवून डावीकडून, मग उजवीकडून.

"सांधे दिसतात बघ," ते म्हणाले. "पण उभा आहे. मोडला म्हणून वाचला लेकाचा. अखंड असता तर लंडनच्या पावसात भिजत पडला असता." आणि मग अगदी समाधानानं, "राणीच्या बागेतला हत्ती मी आज पाहिला. एवढ्या सहली झाल्या, त्यात राहिला होता."

मग मला हाताला धरून ते बागेत घेऊन गेले. आणि तिथे, पेंग्विन बघायला निघालेल्या पोरांच्या रांगेपासून थोडा दूर, काळा घोडा उभा होता. पाठीवर राजा. मी मामांकडे पाहिलं नाही. मामांनीही मोठ्या मनानं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त वही काढली आणि टिचकीसारखी खूण केली.

रात्री मुंबई सेंट्रलला एसटीत बसवताना मी म्हणालो, "मामा, घारापुरी राहिली."

"राहू दे की. तू आधी एकदा जाऊन ये," खिडकीतून ते म्हणाले. "वार बघून जा. मग मला सांग काय आहे ते."

पुढच्या मंगळवारी मी आणि सौभाग्यवती गेटवेला उभे राहिलो. तासाभराची लाँच, मग शंभराहून जास्त पायऱ्या. प्रत्येक पायरीवर सौभाग्यवती "शतपावली" असं म्हणत होत्या. वर पोचलो. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं, की प्रथम काही दिसतच नाही. मग अंधारातून हळूहळू ते वर येतं: १८-२० फूट उंचीचा सदाशिव, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी कातळातून काढलेला. मधलं तोंड शांत, डोळे मिटलेले. एका कडेला उग्र तोंड, दुसऱ्या कडेला अगदी हळुवार.

मी बराच वेळ उभा होतो. मला एकदम मामांचा डॉक्टर आठवला. मधलं राहतं, कडा जातात.

बाहेर येऊन मी फोन लावला. लेण्यांत काय पाहिलं ते सांगायचं सोडून मी एकदम म्हणालो, "मामा, पुढच्याच आठवड्यात या."

"अरे, आत्ताच तर आलो होतो. एवढी घाई कसली?"

"कडेची दोन्ही तोंडं फार सुंदर आहेत, मामा."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मामांनी घसा खाकरला.

"येतो," ते म्हणाले. "पण सोमवार नाही ना?"